उभी बाटली, आडवी बाटली आणि माझं लिव्हर

गाव तेच, तालुका पनवेल
मार्च २०११, बुधवार

चिरंजीव दत्ता यास,

थोरल्या भावाचा आणि वहिनीचा आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहून पत्र सुरू करायचं असतं, म्हणून तसं लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच. चाकणला अजून सकाळची थंडी आहे का? रोहिणीची पाठ धरली होती ती सुटली का? तुझी मुलगी नव्या शाळेत रुळली असेल. तिला सांग, पुढच्या वेळी काकाच्या खांद्यावर बसलीस तर हाड टोचेल (गादी होती ती गेली).

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मागच्या दोन्ही वेळी मी फोनवर 'लिव्हर' एवढंच म्हणालो आणि तू हसायला लागलास. तुझं हसू ओसरेपर्यंत माझा बॅलन्स संपला. पत्रात तू पाहिजे तेवढा हस. मला ऐकू येत नाही आणि मजकूर पुढे सरकतो.

येत्या रविवारी आपल्या गावात बायकांचं मतदान आहे. बाळारामशेठचं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर. दुकान कुठे आहे ते तुला सांगायला नको. सहा आसनी रिक्षा जिथे पोरींना उतरवते, बरोबर त्या वळणावर. संध्याकाळी कॉलेजातून आलेल्या मुलीने घरी जायचं तर त्या बाकड्यांसमोरूनच जावं लागतं, आणि बाकड्यांवरची माणसं त्या वेळेला गाणी म्हणायच्या मनःस्थितीत असतात. शेजारच्या शांतीने थोरलीचं कॉलेज अकरावीतच थांबवलं ते त्यामुळे. धाकटी आता दहावीला आहे. तुझ्या सुनंदावहिनीने आणि बचत गटाच्या बायकांनी सह्या गोळा केल्या, अर्ज दिला, आणि आता सरकारी माणसं शाळेत पेटी घेऊन येणार आहेत. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यादीत जितक्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान जातं. जी आलीच नाही ती आपोआप उभ्या बाटलीची. (म्हणजे घरी झोपून राहिलेली बाईसुद्धा दुकान चालवते. कायदा करणाऱ्याने आपलं गाव पाहिलं असावं.)

या कामात भाषण करायला एक न पिणारा पुरुष हवा होता. बायकांना तो शोधावा लागला नाही, कारण निवडीला वाव नव्हता. आपल्या वयाच्या पुरुषांत मी एकटाच. आयुष्यात कधी थेंब घेतला नाही हे मी गावभर सांगत आलो आणि गावाने ते मान्य केलेलं होतं. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, नुसतं भाषण करून घरी आलो असतो तर बरं झालं असतं. पण मला युक्ती सुचली. मी सुनंदाला म्हणालो, भाषणाने कुणी हलत नाही, पुरावा पाहिजे. पिणाऱ्यांची लिव्हरं बायकांना दाखवू. तिने विचारलं, लिव्हर दाखवणार कशी? मी म्हणालो, सोनोग्राफीने. ती गप्प राहिली. तिचं गप्प राहणं मी होकार समजलो (लग्नाला इतकी वर्षं होऊनही).

दिवाळीनंतर बंदरावरच्या एका कंपनीने पनवेलच्या एका दवाखान्यात फुकट तपासणी ठेवली होती. मी टेम्पो ठरवला. गावातले नेहमीचे चौघे गोळा केले. त्यांचा म्होरक्या हिराजी, जो माझ्याबरोबर चौथीपर्यंत शिकला आणि त्यानंतर बाळारामशेठकडे नित्यनेमाने जातो. उपाशीपोटी यायचं होतं. चौघे जण तोंडं पाडून टेम्पोत बसले होते. हळदीला निघाल्यासारखं वाटत नाही, असं हिराजी दोनदा म्हणाला. दवाखान्यात गेल्यावर मी आणखी एक शहाणपणा केला. तिथल्या माणसाला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्या गावचे निकाल सर्वांसमोर नाव घेऊन वाचा, समाजकार्य आहे. तो आधी नको म्हणाला. मी आग्रह केला. आणि हे चौघे यंत्राला घाबरत होते म्हणून, धीर यावा म्हणून, पहिला मी झोपलो. पोटावर गार चिकट काहीतरी लावतात आणि वरून खुंटीसारखं फिरवतात. दुखत नाही. दुखलं ते नंतर.

निकाल वाचले. हिराजी, लिव्हर व्यवस्थित, पित्ताशयात एक खडा. दुसरा, व्यवस्थित. तिसरा, व्यवस्थित. चौथा, व्यवस्थित. धर्मराज, लिव्हर मोठं झालेलं, चरबी, ग्रेड दोन. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. हिराजीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खऱ्या काळजीने म्हणाला, "धर्मा, तू घ्यायला लाग रं थोडी. बघ तुजी तब्येत काय झाली." परत येताना टेम्पो हळदीला निघाल्यासारखा होता.

आम्ही गावात पोचायच्या आत बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी बाळारामशेठने थंड्याच्या बाटल्यांचा अख्खा क्रेट माझ्या ओटीवर आणून ठेवला. वर झेंडूचा हार. शेठ मनाने वाईट नाही, धंद्याने आहे. तो वळणावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच वाक्य सांगायचा. "आजपावत माज्या एका गिऱ्हाईकाला लिवरचा आजार झाला नाय. ज्याला झाला, तो माजा गिऱ्हाईक नाय."

इथून गावात दोन पक्ष पडले. पहिला पक्ष म्हणे, धर्मराज चोरून पितो. कंटेनर यार्डाच्या गेटवर दिवसभर खुर्चीत बसून ट्रेलरचे नंबर टिपतो, तिथे ड्रायव्हर लोक येतात, कुणी काय देतं कुणी पाहिलंय? दुसरा पक्ष म्हणे, छे, तो पीत नाही, आणि न पिल्यानेच हे झालं. दारूने आतडी धुऊन निघतात, याची धुतलीच गेली नाहीत. माझी अडचण तुझ्या लक्षात येते का? मी पीत नाही हे पटवून दिलं की पहिला पक्ष गप्प होई आणि दुसरा खूष. पितो म्हटलं की दुसरा गप्प आणि पहिला खूष. कसंही केलं तरी बाटली उभीच राहत होती. मी काही दिवस बोलणंच बंद केलं. त्यावर दोन्ही पक्षांचं एकमत झालं की आजार वाढलाय.

बायकांचं म्हणशील, तर त्यांना माझी दया आली. ही दया जास्त महाग पडली. आपली मालूआत्या सर्वांत आधी आली. तिच्या हिशेबी लिव्हर म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे उसाचा रस. तांब्या घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "पी रं बाला. पिवला व्हायच्या आधी पी." मग रोज सकाळी ती, दुपारी शांतीकडून एक पेला, संध्याकाळी हिराजी पनवेलहून येताना पिशवीत बांधून बर्फ घातलेला रस आणी (त्याला माझं मनापासून वाईट वाटत होतं, आणि गुऱ्हाळ त्याच्या वाटेवर होतं). कुणी करंजा बंदरावरून मासळी घेऊन आलं तर येताना माझ्यासाठी ऊस घेऊन येई. मला तो रस आवडला. औषध गोड आहे म्हणून संशय यायला हवा होता, पण आला नाही. दोन आठवड्यांत माझं वजन वाढलं, आणि तब्येत सुधारतेय असं म्हणून आत्याने तांब्या बदलून मोठा आणला.

शेवटी सुनंदाने मला पनवेलला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे आपल्या नझीरभाईंची जास्मीन. बाजारात छत्र्या दुरुस्त करायचे ते नझीरभाई. तिला मी लहानपणी दुकानात छत्रीखाली बसून अभ्यास करताना पाहिलंय. आता ती टेबलाच्या त्या बाजूला बसते आणि मला काका म्हणते, पण आवाजात काकापणाची सूट देत नाही. तिने विचारलं, दारू? मी म्हणालो, कधीच नाही. तिने लिहून घेतलं. मग विचारलं, खाणं? मी म्हणालो, साधं. सुनंदाने डॉक्टरकडे पाहिलं, डॉक्टरने सुनंदाकडे पाहिलं, आणि पुढची चौकशी त्या दोघींनीच केली. मी भिंतीवरचं पोटाचं चित्र बघत बसलो.

त्या चौकशीतून जे निघालं ते मी तुला प्रामाणिकपणे सांगतो, कारण तूही त्याचा साक्षीदार आहेस. आपल्याकडच्या हळदीत सगळे पितात. न पिणारा एखादाच असतो आणि यजमानाला त्याच्याबद्दल अपराधी वाटतं. हा बिचारा आपल्याकडे येऊन कोरडाच जाणार. मग तो पोरांना सांगतो, दादा घेत नाहीत, दादांना थंडा द्या. दोन द्या. पिणाऱ्याचा पेला भरतात तेव्हा माझी दुसरी बाटली फोडतात, त्याचा पुन्हा भरतात तेव्हा माझी तिसरी. वर जिलेबीचं ताट माझ्यापुढे सरकवतात, कारण पिणारे गोड खात नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत आपण किती हळदींना जातो ते तू जाणतोस. मी निर्व्यसनी राहिलो आणि गावाने मला त्याची भरपाई दिली. तीस वर्षं दिली. डॉक्टरने हे सगळं ऐकून पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "काका, बाटली कुठली ते लिव्हर विचारत नाही. आत काय आलं तेवढं बघतं."

मग तिने समजावून सांगितलं, तेही सांगतो, कारण पोट तुलाही आहे. लिव्हर म्हणजे घरातली कोठी. आलेल्यातलं अंगाला लागेल तेवढं खर्च होतं आणि उरलेलं तिथे चरबी होऊन साठतं. साखर सर्वांत लवकर साठते. दारूनेही कोठी बिघडते आणि साखरेनेही. रस्ते दोन, गाव एकच. सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. तसंच वर्षानुवर्षं चालू दिलं तर काहींचं लिव्हर सुजतं, सुजून चिवट होतं, आणि एकदा चिवट झालं की मागे फिरणं अवघड. माझं अजून फिरण्यासारखं आहे. मी म्हणालो, पण आमचे आजोबा याच्या दुप्पट भात खायचे. ती म्हणाली, ते भात लावायचेही. दत्ता, आपली शेतं बंदराला आणि सिडकोला जाऊन किती वर्षं झाली. शेत गेलं, भूक गेली नाही. नांगर धरणाऱ्याचं जेवण मी खुर्चीत बसून जेवतोय.

औषध काय, म्हटलं. ती म्हणाली, औषध नाही. (एवढ्या लांब येऊन औषध नाही हे ऐकणं जिवावर आलं. मी निदान एक टॉनिक तरी, असं सुचवून पाहिलं. वैद्याचा काढाही सुचवला. काही काढ्यांनी लिव्हर आणखी बिघडतं, असं ती म्हणाली.) थंडा बंद. साखर बंद. उसाचा रस हे ऐकल्यावर तिने डोळे मिटले आणि सुनंदाला म्हणाली, काकी, तो तांब्या लपवा. भात कमी, भाजी-डाळ-मासळी जास्त, मासळी तळलेली नको. रोज भरभर चालायचं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं भरभर. वजन हळूहळू दहा किलोंमागे एक किलो उतरवायचं, उपाशी राहून एकदम नाही. रक्तातली साखर आणि काविळीच्या तपासण्या करून घेतल्या, त्या ठीक आल्या. मे महिन्यात परत सोनोग्राफी. निघताना मी विचारलं, या आजाराला नाव काय? ती म्हणाली, नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर. मी ते तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं. जगात असा आजार दुसरा नसेल, ज्याच्या नावातच माणसाच्या चारित्र्याचा दाखला आहे.

तो कागद घेऊन मी ताठ मानेने गावात आलो. पहिला पक्ष त्या दिवशी संपला. धर्मराज पीत नाही हे आता डॉक्टरने लिहून दिलं होतं. बाळारामशेठने कागद हातात घेऊन नीट वाचून काढला आणि वळणावर जमलेल्यांना वर धरून दाखवला. म्हणाला, बघा, न पिणाऱ्यांचा वेगला आजार निघाला हाय, डॉक्टर पन बोलते. मी कागद परत मागितला तेव्हा त्याने अदबीने घडी करून दिला.

चालायला लागलो. सकाळी यार्डात जाण्याआधी शिरढोणच्या दिशेने जाऊन परत. हिराजी सोबत येतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही. एकट्या माणसाला चालताना बघवत नाही, असं म्हणतो. संध्याकाळी मतदानासाठी घरोघर. इथे चालणं आणि समाजकार्य एकत्र साधेल असा माझा अंदाज होता. पण मतं मागायला घरी गेलेल्या माणसाला चहा देतात, आणि आपल्याकडच्या चहात चमचा उभा राहतो. नको म्हटलं तर घरचं मत गेलं. मी म्हणालो, उपास आहे. त्यांनी साबुदाण्याची खीर आणली. म्हणालो, पित्त झालंय. त्यांनी कोकम सरबत आणलं, साखर घालून. शेवटी घरून पाण्याची बाटली घेऊन जाऊ लागलो, आणि तुमचा मान राखतो पण हेच पितो, असं सांगू लागलो. चार दिवसांत वळणावरून बातमी आली की दारूबंदीवाला हातात बाटली घेऊन दारोदार फिरतोय आणि आतलं दिसायला पांढरं आहे.

तेव्हा मी सुनंदाला म्हणालो की माझं नाव समितीतून काढा, माझ्यामुळे तुमचं मतदान बुडणार. ती म्हणाली, आधी जास्मीनला गावात बोलावू. शाळेच्या पडवीत बायकांची बैठक झाली. जास्मीनने लिव्हरबद्दल सगळं परत सांगितलं. हेही सांगितलं की पिणाऱ्याचं चित्र एक दिवस साफ आलं म्हणजे तो सुटला असं नाही, रक्त तपासावं लागतं. (हिराजीने गुपचूप तपासून घेतलं. काय आलं ते त्याने मला सांगितलं नाही, पण आता तो आठवड्यातून दोनदाच वळणावर थांबतो आणि खड्याचं कारण सांगतो.) मी मागे उभा होतो. मला वाटलं, आता बाजू सावरली. आता मी पुढे होऊन दोन रस्ते आणि एका गावाचा मुद्दा मांडतो. मी घसा साफ केला. तेवढ्यात शांती उठली. ती बैठकीत कधी बोलत नाही. माझ्याकडे बघून, अगदी मायेने म्हणाली, "भावजी, तुमच्या लिवरचा काय ता तुमी बघा, बरा व्हा. माज्या धाकटीला त्या वलनावरून मान वर करून चालाचा हाय. आमी मत देनार ता त्याला."

पडवीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका नुसत्या माना हलवत होत्या, आणि कळलं की त्या सुरुवातीपासून हेच बोलत होत्या. लिव्हर मी आणलं होतं. त्यांच्या मतदानात लिव्हर कधी नव्हतंच. मी तिथून निघून घरी चालत आलो, लांबच्या वाटेने, भरभर. जास्मीनने सांगितलेला वेग त्या दिवशी पहिल्यांदा जमला.

तेव्हापासून मी फक्त चालतो. भाषण बंद. वजन उतरतंय, अजून थोडं राहिलंय. पँट कमरेवर थांबत नाही, मुठीत धरून चालावं लागतं. कोठी किती रिकामी झाली ते मे महिन्यात कळेल. मतदानाचं मात्र रविवारीच कळेल, आणि खरं सांगायचं तर आकडे जवळजवळ बरोबरीचे आहेत, असं सुनंदाचं म्हणणं. गावात राहणाऱ्या बायका येतील. घोर आहे तो बाहेर गेलेल्यांचा. कळंबोली, उरण, कुठे कुठे कामाला गेलेल्या, नावं मात्र इथेच. त्या आल्या नाहीत की पेटी न उघडताच उभी बाटली. बाळारामशेठ त्यांच्याच भरवशावर हसतोय. मी पायी जाता येईल तिथपर्यंत जाऊन निरोप देऊन आलो.

असो. रोहिणीला पाठीला शेक द्यायला सांग. मुलीला गोड पापा. तू जपून राहा.

तुझा दादा,
धर्मराज

ता. क. चाकण पायी जाण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. रोहिणीचं नाव अजून आपल्या गावच्या यादीत आहे, तुम्ही बदलून घेतलेलं नाही. रविवारी तिला पाठव. तू गावी येतोस तेव्हा कुठे बसतोस ते मला माहीत आहे, आणि बाळाराम तुझ्या वर्गातला, तेही माहीत आहे. तुझी बसायची जागा बंद करायला तुझीच बायको मागतोय. हे फोनवर मागायची हिंमत झाली नाही, आणि पत्रातही इतक्या पानांनंतरच झाली. एका मताने काय होतं असं म्हणू नकोस. शांतीची धाकटी जूनपासून कॉलेजला जाणार की नाही, ते त्या एका मतावर असू शकतं.

ता. क. दुसरा, सोमवार. वरचं पत्र तुला मिळालेलं नाही हे तुला माहीत आहेच. गुरुवारी सुनंदाने माझ्या सगळ्या पँटी कमरेत घ्यायला पनवेलला शाहीद टेलरकडे दिल्या, आणि पत्र त्यांतल्या एका खिशात होतं (मी समजत होतो, तिने ते टपालात टाकलं). आज आणायला गेलो तेव्हा त्याने जपून ठेवलेलं काढून दिलं. वाचलं नाही म्हणाला. मग विचारलं, लिव्हर कसं आहे.

शनिवारी रात्री रोहिणी दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, टपाल खातं सुधारलं. मग कळलं की सुनंदा आणि ती महिनाभर रोज फोनवर बोलत होत्या, आणि तूच तिला एस.टी.त बसवून दिलंस, रजा नव्हती म्हणून स्वतः आला नाहीस. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, दत्ता काही म्हणाला का? ती म्हणाली, 'दादाला सांग बाटली आडवी पडली की मीही तिच्या शेजारी आडवा होईन' एवढं म्हणाले आणि हसत होते. बाहेर गेलेल्या बहुतेक जणी आल्या. उरणहून एक टेम्पो भरून आला. सुनंदाने त्यांनाही फोन केले होते. मी पायी जाऊन ज्यांना निरोप दिले त्यांना तो आधीच मिळालेला होता. काकांना चालायचं असतं म्हणून येऊ द्या, असं त्यांना सांगून ठेवलं होतं.

बाटली आडवी पडली. थोडक्यात, पण पडली. कोणी कुठे शिक्का मारला ते गुप्त असतं. बाळारामशेठ काल दुपारी, घरी बायको असूनही, पनवेलला हॉटेलात जेवला, एवढंच सांगतो. संध्याकाळी शांती काही काम नसताना धाकटीला घेऊन वळणापर्यंत गेली आणि परत आली. बाकड्यांवर दोघेतिघे होते. ते उठून उभे राहिले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ता. क. शेवटचा, आणि हे पत्र खरं तर याच्यासाठी टाकतोय. कलेक्टरचा हुकूम यायला वेळ आहे, पण शेठ थांबणारा माणूस नाही. त्या जागेत आइस्क्रीम पार्लर काढतोय. पोरी तिथे उतरतात, धंदा चांगला चालेल असं त्याचं गणित आहे, आणि ते चुकेल असं वाटत नाही. आज सकाळी घरी येऊन त्याने मला उद्घाटनाचं निमंत्रण दिलं. म्हणाला, दादा, तुमच्याशिवाय दुसरा कोन? पयला कप तुमचा. नाही म्हणता आलं नाही. पराभूत माणसाचा मान राखावा लागतो. सुनंदाने आतून सगळं ऐकलंय.

तर पाडव्याच्या दिवशी तू ये. फीत मी कापेन, कप तू खा. थोडा मोठा घे आणि माझ्या जवळ उभा राहून खा. पुढे काही झालंच, तर कपात दोन चमचे होते की एकच, हे वहिनीला सांगायची तुला गरज नाही.